सिनेमाशिवायची गाणी

शेतकरी मंडळी भेटली की मला बोंडअळीबद्दल विचारतात, ठिबकच्या अनुदानाबद्दल विचारतात. ते रास्तच आहे, सरकार मला त्याचाच पगार देते. गाण्याबद्दल मला आजवर कोणी विचारलेले नाही. पण तीस वर्षे मोटारसायकलवरून शिवारे पालथी घालताना ओठांवर सतत काही ना काही घोळत असते, आणि ते बहुधा सन १९९५ ते २००० या पाच-सहा वर्षांतलेच असते. त्या गाण्यांविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते.

ही गाणी सिनेमातली नव्हेत. आपल्याकडे गाणे म्हटले की एक तर सिनेमा, नाही तर देवळातले भजन, नाही तर रेडिओवरचे भावगीत. नव्वदीच्या दशकात यांतल्या कशातच न बसणारा एक प्रकार आला. हिंदी गाणे, पण त्याला ना नायक, ना नायिका, ना कथा. गाणारा स्वतःच्या नावाने गातो आणि कॅसेटवर त्याचाच फोटो. आम्ही त्याला 'प्रायव्हेट अल्बम' म्हणत असू. वर्तमानपत्रवाले 'इंडिपॉप' लिहीत. माझी कन्या पुण्यात शिकते, ती म्हणते, "बाबा, याला आता इंडी म्हणतात. म्हणजे स्वतंत्र." मी तिला सांगितले की अगदीच स्वतंत्र नव्हते ते. मॅग्नासाउंडसारख्या कंपन्या पैसे लावीत, जाहिरात करीत. स्वतंत्र होते ते सिनेमापासून. पण तेवढेही स्वातंत्र्य पुष्कळ होते.

फरक काय, हे आपल्या भाषेत सांगतो. सिनेमाचे गाणे म्हणजे कलमी आंबा. कथेच्या खुंटावर बांधलेला, चव ठरलेली, आणि कोण कोणासाठी गातो तेही आधीच ठरलेले. ही गाणी रायवळ. कोयीपासून उगवलेली, प्रत्येक झाडाची चव निराळी. पुष्कळ आंबट निघाली, काही नुसतीच रेषाळ. पण एखादे झाड असे लागे की त्याच्या फळाची सर कलमाला नाही. शिवाय कथा नसल्यामुळे ऐकणाऱ्याला स्वतःची कथा त्यात घालायला मोकळी जागा राही.

मी धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून बी. एस्सी. झालो आणि पुढे जिल्हा परिषदेच्या नोकरीत लागलो. पहिली नेमणूक आमच्याच साक्री तालुक्यात. केबल तेव्हा शहरात आली होती, खेड्यात आमच्याकडे दूरदर्शन आणि 'आमची माती आमची माणसं'. तेव्हा ही गाणी आमच्यापर्यंत पोचली ती स्टँडजवळच्या कॅसेटवाल्यामुळे. त्याच्याकडे कोरी साठ मिनिटांची कॅसेट द्यायची, सोबत गाण्यांची यादी, आणि आठवड्याने भरलेली कॅसेट घ्यायची. कायद्याने ते कितपत बरोबर होते याचा विचार तेव्हा कोणीच करीत नसे. यादीतले गाणे त्याच्याकडे नसले तर तो स्वतःच्या पसंतीचे भरून देई. माझी निम्मी आवड ही खरे म्हणजे त्या दुकानदाराची आवड आहे. भरलेल्या कॅसेटच्या कडेचे दोन प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकायचे, म्हणजे घरातल्या पोरांच्या हातून ती पुसली जात नसे. फीत अडकली की पेन्सिल घालून फिरवायची. हे सारे माझ्या वयाच्या वाचकांना सांगायला नको.

सर्वांत आधी गाजली ती अलिशा चिनॉय यांची 'मेड इन इंडिया', सन १९९५, संगीत बिड्डू यांचे. तिच्या चित्रफितीत आपला मिलिंद सोमण पेटीतून बाहेर येतो, ते पाहायला धुळ्याच्या एका लॉजवर आम्ही चार कर्मचारी टीव्हीपुढे उभे होतो. गाणे ठीक. त्याच वर्षी दलेर मेहंदींचे 'बोलो ता रा रा' आले. त्या गाण्याचा मला सरकारी कामात फार उपयोग झाला. रात्रीची सभा असली की ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर ते आधी दोन वेळा लावायचे. पोरे जमत, पोरांना हुडकत आया येत, आणि आयांच्या मागून बापे. मग मी बीजप्रक्रियेचे बोलायला सुरुवात करी. विस्तारकार्याच्या पुस्तकात ही पद्धत दिलेली नाही. यापेक्षा त्या गाण्याकडून मी काही अपेक्षा केली नाही, आणि त्यानेही जास्त काही दिले नाही.

हरिहरन आणि लेस्ली लुईस यांनी मिळून १९९६ मध्ये 'कलोनियल कझिन्स' काढली. त्यात व्यासरायांची जुनी कन्नड कृष्णभक्तीची रचना इंग्रजी ओळींच्या शेजारी बसवली आहे. धाडस चांगले होते, पण मला ते थोडे सजवलेल्या जेवणाच्या ताटासारखे वाटते. पाहून बरे वाटते, भूक मात्र शिल्लक राहते.

खरा जीव जडला तो लकी अली यांच्या 'ओ सनम'वर. कॅसेटचे नाव 'सुनोह', साल तेच १९९६. विनोदी नट मेहमूद यांचे हे चिरंजीव. या गळ्यावर तालमीचा हात फारसा फिरलेला नाही. आवाज किंचित घोगरा, कुठे कुठे फाटतो, आणि औतामागे चालणारा माणूस स्वतःशीच गुणगुणतो तसा लागतो. आमच्या सौ.ने पहिल्यांदा ऐकले तेव्हा विचारले, "याला सर्दी झाली आहे का?" ती नाशिकची, सुधीर फडके ऐकत वाढलेली. तिचे चुकत नव्हते. पण सूर्य बुडताना पिंपळनेरकडून साक्रीकडे येणाऱ्या रस्त्यावर, दिवसभर पाच गावे करून, अंगावर धूळ घेऊन परतणाऱ्या माणसाला फडक्यांचा रेशमी सूर नको असतो. त्याला आपल्याइतकाच थकलेला आवाज हवा असतो. मोटारसायकलवर टेप कुठला असणार? गाणे डोक्यातच वाजे. त्यात गिटारचे चार-पाच ठोके आहेत, ते माझ्या गाडीच्या फटफटीत बेमालूम बसत.

त्या गाण्यात एक माणूस कुणाची तरी वाट पाहतो आहे. कुणाची, ते कळत नाही. चित्रफितीत इजिप्तचे वाळवंट आणि पिरॅमिड आहेत. ती मी फार उशिरा पाहिली आणि पाहिली नसती तरी चालले असते. माझ्या मनात त्या गाण्याला साक्रीचा माळ होता, बाभळी होत्या आणि परतणारी मेंढरे होती. तीच मला पुरेशी होती.

पुढे मला कळले की लकी अली बंगळूरजवळ शेती करतात. त्या दिवसापासून त्यांच्याबद्दल माझे मत आणखी चांगले झाले, हा शेतीखात्याचा पक्षपात समजावा. सन २०२० च्या अखेरीस त्यांची एक छोटी चित्रफीत मोबाइलवर घरोघर फिरली. गोव्यात हरमल येथे साध्या कपड्यांत, हातात गिटार घेऊन, पांढरी दाढी वाढलेला हा माणूस तेच गाणे म्हणत बसला आहे, भोवती थोडी माणसे. आवाज आणखी खाली उतरला आहे. सौ.ने ती दोनदा पाहिली. म्हणाली, "आता शोभतो हो त्याला तो आवाज." पंचवीस वर्षे लागली, पण मान्य केले.

१९९८ मध्ये दोन मंडळ्या पुढे आल्या. एक 'युफोरिया'. त्यांचे गायक पलाश सेन हे पेशाने डॉक्टर. दुसरी 'सिल्क रूट'. त्यांच्या कॅसेटचे नावच 'बूंदें', आणि मोहित चौहान यांनी म्हटलेले 'डूबा डूबा' त्यातले. मोहित चौहान हिमाचलचे, त्या गळ्यात डोंगराची हवा आहे. त्या सुमारास माझी थोरली मुलगी तान्ही होती, रात्री ते गाणे लावले की झोपे. म्हणून ते मी शंभर-दीडशे वेळा ऐकले असेल, पण पूर्ण कधीच नाही. ती झोपली की मी बंद करीत असे.

आता पावसाच्या गाण्यांकडे येतो, कारण इथे शेतकऱ्याचे आणि शहरवाल्याचे कान वेगळे होतात.

शुभा मुद्गल यांचे 'अब के सावन' १९९९ साली आले. शब्द प्रसून जोशी यांचे, संगीत शांतनू मोईत्रा यांचे. ख्याल गाणारी बाई असे मोकळे, भिजलेले गाणे म्हणते तेव्हा आवाजाला किती पैस असतो ते कळते. मला ते गाणे फार आवडे. पण जुलै २००२ आठवतो. त्या महिन्यात देशात सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस पडला. आम्ही गावोगाव सांगत होतो की पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, आणि लोक ऐकून घेऊन आभाळाकडे पाहत होते. ज्यांनी मृगाच्या दोन सरींवर पेरले त्यांचे बी मातीतच गेले होते. अशा एका दुपारी फाट्यावरच्या हॉटेलात मी चहा घेत होतो, आणि टेपवर हेच गाणे लागले. हॉटेलात सात-आठ शेतकरी होते. कोणी काही बोलले नाही. हॉटेलवाला भट्टीपासून उठला, त्याने गाणे अर्ध्यावर बंद केले आणि परत येऊन चहा गाळू लागला. गाण्यात काडीचाही दोष नाही. ते आजही मी आवडीने ऐकतो, मात्र पेरण्या होऊन उगवण झाल्यावर.

मराठीत याच काळात 'गारवा' आली. सौमित्र, म्हणजे नट किशोर कदम, यांच्या कविता आणि मिलिंद इंगळे यांचे सूर. गाण्यांच्या मधे कवी स्वतः बोलतो ही त्यातली नवी गोष्ट होती. आमच्या घरात ही कॅसेट सौ.ची. भाकरी थापताना ती लावायची, आणि आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, प्रश्न पडायचा की गाणे सुरू कधी होणार, हा मनुष्य तर नुसता बोलतोच आहे. तो पाऊस खिडकीतला आहे, बांधावरचा नाही, हे खरे. पण खिडकीतला पाऊसही पाऊसच. शेतकऱ्याच्या घरात सून आली म्हणून तिने पावसाकडे नुसत्या पिकाच्याच डोळ्यांनी पाहावे असा काही नियम नाही.

२००२ संपता संपता माझी बदली नंदुरबार जिल्ह्यात तळोद्याला झाली. सामानात दोन भांडी कमी घेतली, पण टेप घेतला. त्यावर तेव्हा एकच कॅसेट चालू होती, दिल्लीच्या 'इंडियन ओशन' या मंडळीची 'कंदिसा'. ती बाजारात आली २००० साली, पण घडली नव्वदीतच. ही मंडळी १९९० पासून एकत्र वाजवीत होती. माझ्या लेखी त्या दशकातले सर्वांत कसदार बियाणे हे. सुश्मित सेन गिटारवर, अमित किलम ढोलताशाच्या विलायती साजावर, असीम चक्रवर्ती मांडी घालून तबला वाजवीत गाणारे, आणि चौथे राहुल राम. हे राहुल राम अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टरेट, पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांचा अभ्यास केलेले. परत आले ते नर्मदा बचाव आंदोलनात जाऊन खोऱ्यात राहिले. तिथल्या लोकांच्या तोंडचे नर्मदेचे एक गाणे त्यांनी सोबत आणले. ते म्हणजे 'मा रेवा'.

आता तळोद्याचे सांगायला हवे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली तेहतीस गावे गेली, सगळी अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांतली. पहिले मणिबेली. त्यांतल्या पुष्कळ कुटुंबांचे पुनर्वसन तळोदा आणि शहादा तालुक्यांत सपाटीवर झाले. डोंगरउतारावर ज्वारी, तूर, उडीद, मोर, बंटी असे सारे एकाच शेतात मिसळून पेरणारी ही माणसे. घरचे बी, नांगराला उतार, खत म्हणजे जंगलाचा पाला. त्यांच्यापुढे एकदम तापीकाठची काळी, भारी जमीन आली, जिच्यात पाणी साचते आणि वाफसा यायला आठ-आठ दिवस लागतात. त्यांना कापूस, मका, हरभरा शिकवणे हे माझे काम. धरणाविषयी माझे मत काय, हे सरकारी माणसाला कोणी विचारत नाही आणि त्याने सांगायचेही नसते. मी वाफशाबद्दल बोलत असे.

एका वसाहतीत एका वयस्कर पावरा शेतकऱ्याच्या अंगणात रात्रीची सभा होती. सभा संपली, माणसे पांगली, जीप यायला उशीर होता. पिशवीत टेप होता. मी म्हटले, दादा, तुमच्या नदीचे गाणे आहे, ऐकणार? त्यांनी मान हलवली. गाणे लागले. गिटार सुरू झाली तसे घरातली सून दारात येऊन उभी राहिली, दोन पोरे आली. म्हातारा उकिडवा बसून जमिनीकडे पाहत ऐकत होता. संपल्यावर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बोली आमची नाही साहेब. वरच्या अंगाची आहे, निमाडकडची."

मला थोडे वाईट वाटले. वाटले, आणले कशाला हे. एवढ्यात तो पुढे म्हणाला, "पण नदी आमचीच आहे. यात वाहते ती." आणि जरा थांबून, "तिकडे आता उभी आहे. पाणी पुष्कळ आहे, पण वाहत नाही."

त्याने पुन्हा लावायला सांगितले. दुसऱ्यांदा त्याने मांडीवर बोटाने ठेका धरला. जीप आली तेव्हा तिसऱ्यांदा चालू होते. ड्रायव्हरने भोंगा वाजवला नाही, खाली उतरून तोही ऐकत राहिला. पुढच्या खेपेस धुळ्याहून मी त्याच कॅसेटची आणखी एक प्रत विकत घेऊन गेलो आणि त्याला दिली. ती त्याने ठेवून घेतली. त्याच्या घरी टेप नव्हता. तो म्हणाला, असू द्या, पोरगा आणील. त्या वर्षी त्याचा हरभरा चांगला आला होता. टेप पोराने आणला की नाही, ते मला विचारावेसे वाटले नाही.

दिल्लीत शिकलेली मंडळी नर्मदेचे गाणे म्हणतात आणि ते दुकानात विकत मिळते, यावर त्या काळी टीका करणारेही होते. त्यात तथ्य असेल. पण ते गाणे त्या अंगणात कसे ऐकले गेले ते मी पाहिले आहे, त्यामुळे त्या वादात मला भाग घेता येत नाही.

त्याच कॅसेटवर 'कंदिसा' हे मुख्य गाणे आहे. ही केरळातल्या सिरियन ख्रिस्ती लोकांची फार जुनी प्रार्थना. भाषा सुरियानी, म्हणजे येशू ख्रिस्त बोलत त्या आरामाईक भाषेची शाखा. अर्थ एवढाच, की देव पवित्र आहे. शब्द मोजके आणि तेच तेच परत येतात, आणि असीम चक्रवर्तींचा आवाज हळूहळू चढत जाऊन अशा ठिकाणी पोचतो की ऐकणारा काम थांबवतो.

सुटीत मी घरी आलो की पहाटे ते लावीत असे. आबा तेव्हा गोठ्यात धारा काढत असत. आबा म्हणजे माळकरी माणूस, तुकोबांच्या गाथेपलीकडे त्यांना गाणे माहीत नाही, आणि 'गारवा'चे त्यांचे मत वर आलेच आहे. एके दिवशी बादली घेऊन ओट्यावर आले आणि अहिराणीत म्हणाले, "हाई कोनं भजन से रे?"

मी सांगितले. केरळ, ख्रिस्ती लोक, परकी भाषा, सगळे.

"पन भजनच से ना?"

म्हटले, हो.

"मंग वाजू दे."

तेव्हापासून त्यांनी त्याला 'दिल्लीनं भजन' असे नाव ठेवले. पुढे माझी बदली परत साक्रीला झाली, मी घरूनच येऊ-जाऊ लागलो, आणि धारांच्या वेळी ते भजन लावणे हा रिवाज पडला. म्हैस त्या गाण्याला चांगली पान्हावते असे आबांचे मत होते. मी त्याची नोंद कोठे केलेली नाही, पण दुधाचे माप त्यांच्या बाजूने होते.

असीम चक्रवर्ती २००९ च्या नाताळच्या दिवशी वारले. हृदयविकार, वय फार नव्हते. ती बातमी मी वर्तमानपत्रात वाचली आणि आबांना सांगितली. त्यांनी विचारले, "कोन? भजनवाला?" हो म्हणालो. ते काही बोलले नाहीत, बादली घेऊन गोठ्यात गेले. त्या संध्याकाळी टेप लावला नाही. रिकाम्या बादलीत पहिल्या धारा वाजतात तो आवाज तेवढा येत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी अजून अंथरुणातच होतो, तोच गोठ्यातून हाक आली, "उठनास का रे? लाव ना ते."

कॅसेट तोवर झिजली होती, मधे एका जागी आवाज बुडे. आबा त्या जागी स्वतः 'हं' म्हणून भर घालीत.

आता टेप माळ्यावर आहे आणि गाणी मोबाइलवर. मुलीने ही सारी गाणी शोधून एकत्र भरून दिली आहेत, 'मा रेवा' सकट. मोबाइलमध्ये कोठेच आवाज बुडत नाही, त्याची मला अजून सवय व्हायची आहे.